एकाच वर्षाचे दोन नफे: खरा कोणता?

प्रश्न थोडक्यात असा: "मी बँकेतून निवृत्त झालो आहे, थोडेफार शेअर बाळगून आहे. एकाच कंपनीचा एकाच वर्षाचा नफा भारतीय नियमांनी एक आणि परदेशी नियमांनी दुसराच निघाल्याचं वाचनात येतं. बेरीज-वजाबाकी तर जगभर सारखी. मग खरा आकडा कोणता, आणि माझ्यासारख्याने कशावर विसंबायचं?"

दोन्ही आकडे खरे असू शकतात. उत्तर टाळाटाळीचं वाटेल, पण माझ्या सत्तावीस वर्षांच्या कामाचा गाभा हाच आहे. मी सीए आहे, पुण्यात असते. चाकण-रांजणगाव पट्ट्यातल्या परदेशी मालकीच्या कंपन्यांचे हिशेब भारतीय नियमांतून मूळ कंपनीच्या देशाच्या नियमांत बसवून देणं हे माझं काम. तीच बिलं, तीच खतावणी, तेच बँकेचं खातं, आणि त्यातून दोन वेगळे नफे निघतात. दोन्ही नियमाला धरून असतात.

तुम्ही बँकेत होतात, म्हणून तिथूनच सुरुवात करते. संध्याकाळी रोकड मोजली की ती एकच येते, कॅशियर बदलला म्हणून बदलत नाही. नफ्याचं तसं नसतं. दहा वर्षं चालणाऱ्या यंत्राची किंमत कुठल्या वर्षावर किती टाकायची, दोन वर्षांनी ताबा द्यायच्या फ्लॅटची विक्री आज धरायची की किल्ली देताना, कोर्टात पडून असलेल्या दाव्यासाठी आत्ता किती बाजूला काढायचं, अशा शेकडो निर्णयांतून नफ्याचा आकडा घडतो. हे निर्णय मनमानी होऊ नयेत म्हणून प्रत्येक देशाने लेखामानकं केली. मात्र ती करताना प्रत्येक देशाच्या डोळ्यांसमोर वेगळा वाचक होता, आणि फरकाचं मूळ तिथे आहे.

या विषयातलं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण डाइम्लर-बेंझचं, म्हणजे मर्सिडीजवाल्यांचं. ५ ऑक्टोबर १९९३ रोजी न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंदणी होणारी ती पहिली जर्मन कंपनी ठरली. नोंदणीची अट अशी की जर्मन नफ्यासोबत अमेरिकन नियमांनी येणारा नफाही द्यायचा. १९९३ चे आकडे आले तेव्हा जर्मन नियमांनी नफा होता ६१ कोटी ५० लाख मार्क. अमेरिकन नियमांनी त्याच वर्षाचा तोटा होता १८३ कोटी ९० लाख मार्क. गाड्या त्याच, कामगार तेच, वर्षही तेच, आणि तफावत जवळजवळ २४५ कोटी मार्कांची. (याच कंपनीने पुढच्याच वर्षी भारतीय कंपनी काढली आणि मग पिंपरीत टेल्कोच्या, म्हणजे पुढे टाटा मोटर्स झालेल्या कंपनीच्या, आवारात गाड्या जोडायला घेतल्या. त्यामुळे पुण्याच्या आमच्या व्यवसायात हे उदाहरण घरच्यासारखं सांगितलं जातं.)

इथे कुणी काही लपवून गुन्हा केला नव्हता. जर्मन कायदा कंपन्यांना सावधगिरी शिकवायचा. चांगल्या वर्षांत पुढच्या संभाव्य खर्चांसाठी सढळ हाताने तरतुदी करा, नफा कमी दाखवा आणि वाईट दिवस आले की त्या तरतुदी मोकळ्या करून नफा सावरा. १९९३ हे डाइम्लरचं वाईट वर्ष होतं, आणि साठवणीतलं बाहेर काढलं गेलं. अमेरिकन नियमाचं म्हणणं असं की त्या जुन्या तरतुदींपैकी बऱ्याच मुळात खर्च नव्हत्याच, तो मागच्या वर्षांचाच नफा होता. मग तो या वर्षीचं उत्पन्न म्हणून पुन्हा कसा दाखवता येईल? त्यामुळे अमेरिकन हिशेबात नफा-तोटा पत्रक लाल झालं, पण भागधारकांचं भांडवल मात्र जर्मन ताळेबंदापेक्षा बरंच मोठं दिसलं, कारण जी साठवण जर्मन कागदावर देणं म्हणून दिसत होती ती अमेरिकन कागदावर मालकांची मानली गेली. लोक फक्त तोट्याचा आकडा लक्षात ठेवतात. ही दुसरी बाजू निम्मी कथा आहे.

जर्मनीने असा नियम का ठेवला? तिथल्या कंपन्यांना पैसा प्रामुख्याने बँका पुरवत. बँकेला कर्जदाराचा नफा फुगलेला नको असतो, चिंचोळा चालतो, कारण मग लाभांशाच्या नावाने पैसा बाहेर जात नाही. हे तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय कर आणि हिशेबाची पुस्तकं एकमेकांना जोडलेली होती, म्हणजे कमी नफा दाखवण्यात कंपनीचंही भलं. अमेरिकेत १९२९ च्या पडझडीनंतर १९३३ आणि १९३४ चे कायदे आले. त्यांच्या डोळ्यांसमोर होता तो देशभर विखुरलेला, कंपनीच्या आत शिरकाव नसलेला शेअरधारक. शेअर ठेवायचा की विकायचा हे त्याला ठरवायचं असतं. वाईट वर्ष त्याला वाईटच दिसलं पाहिजे.

जर्मन सावधगिरी अजून संपलेली नाही. युरोपीय संघातल्या नोंदणीकृत कंपन्यांचे समूहाचे एकत्रित हिशेब २००५ पासून आंतरराष्ट्रीय मानकांनी होतात, पण जर्मन कंपनी लाभांश ठरवते तो आजही जर्मन वाणिज्य संहितेनुसार केलेल्या स्वतःच्या स्वतंत्र हिशेबावरून. ज्या कौटुंबिक कंपन्या शेअर बाजारात नाहीत, त्यांतल्या बऱ्याच तर सगळंच त्या संहितेने करतात. अशाच एका कंपनीच्या चाकणच्या कारखान्यात मला हा फरक प्रत्यक्ष भेटला. एका मोठ्या प्रेस-यंत्राची दुरुस्ती डिसेंबरमध्ये व्हायची होती. ऑर्डरींच्या गर्दीत ती फेब्रुवारीवर ढकलली. खर्च ऐंशी लाखांच्या घरात. जर्मन नियम असा की राहून गेलेली दुरुस्ती पुढच्या वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत उरकणार असेल, तर तिची तरतूद याच वर्षात केलीच पाहिजे. भारतीय नियम बरोबर उलटा: दुरुस्ती झालीच नाही, कुणाचं देणं लागत नाही, मग तरतूद कशाची? आमच्या पुस्तकात डिसेंबरअखेर नफा दिसत होता, जर्मनीला पाठवलेल्या तक्त्यात तो ऐंशी लाखांनी कमी. कारखान्याच्या व्यवस्थापकाचा बोनस जर्मन आकड्यावर ठरायचा. तो माझ्या टेबलासमोर बसून विचारत होता, "मॅडम, मी तर एक रुपयाही खर्च केलेला नाही, मग माझ्या नफ्यातून कापले कशाला?" त्याचा प्रश्न तुमच्यासारखाच होता, आणि माझ्याकडे तेव्हा नियमांतल्या दोन परिच्छेदांचे क्रमांक सोडून सांगण्यासारखं काही नव्हतं. आज सांगितलं असतं की फेब्रुवारीत तोच खर्च भारतीय पुस्तकात पडेल आणि जर्मन पुस्तकात पडणार नाही. दोन वर्षं एकत्र धरली तर दोन्हीकडे बेरीज एकच.

हा मुद्दा आकड्यांनी पटवते. समजा एक कंपनी नवं उत्पादन विकसित करायला पहिल्या वर्षी १० कोटी खर्च करते, आणि तो खर्च सोडून दर वर्षी १२ कोटी कमावते. आंतरराष्ट्रीय मानकं आणि त्यांच्यावर बेतलेली आपली 'इंड एएस' ही मानकं म्हणतात की संशोधनाचा खर्च लगेच नफ्यातून वजा करा, पण विकासाचा टप्पा काही कसोट्यांना उतरत असेल तर तो खर्च मालमत्ता म्हणून ताळेबंदात घ्या आणि पुढे वाटून टाका. पाच वर्षांत वाटला तर नफा दर वर्षी १० कोटी. अमेरिकन नियम, सॉफ्टवेअरसारखे काही अपवाद सोडले तर, म्हणतो की सगळा खर्च त्याच वर्षी टाका. तिथे पहिल्या वर्षी नफा २ कोटी आणि पुढची चार वर्षं १२-१२ कोटी. पाच वर्षांची बेरीज दोन्हीकडे ५० कोटी. पण पहिल्या वर्षी जो एकच आकडा वर्तमानपत्रात येईल तो एका देशात पाचपट मोठा असेल. टाटा समूहाची जग्वार लँड रोव्हर विकासखर्चाचा मोठा भाग ताळेबंदात घेते. फोर्ड किंवा जनरल मोटर्स तसं करू शकत नाहीत. त्यांचे नफे शेजारी ठेवून तुलना करणाऱ्याने हे आधी पाहायला हवं. आणि एक बारकावा: कंपनी दर वर्षी आणखी जास्त विकासखर्च करत राहिली, तर हा फरक मिटायची वेळ पुढेच ढकलली जाते. "शेवटी बेरीज सारखी" हे मी वर म्हटलं, पण तो शेवट कधीकधी वीस वर्षं येत नाही.

आता आपल्या देशातला प्रसंग, ज्याबद्दल मला आजही तीव्र वाटतं. एप्रिल २००८ मध्ये डॉलर साधारण ४० रुपयांना होता, मार्च २००९ मध्ये ५० च्या वर. ज्या कंपनीने १० कोटी डॉलरचं कर्ज घेतलं होतं तिचं देणं ४०० कोटी रुपयांवरून ५०० कोटींच्या पुढे गेलं. तेव्हाच्या लेखामानक ११ प्रमाणे हा शंभरेक कोटींचा फटका त्या वर्षाच्या नफ्यातून जायला हवा होता, आणि आंतरराष्ट्रीय नियमही तोच. पण ३१ मार्च २००९ रोजी, आर्थिक वर्षाच्या अगदी अखेरच्या दिवशी, केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्या मानकात ४६ वा परिच्छेद घातला. कर्ज यंत्रसामग्रीसाठी असेल तर फरक यंत्राच्या किमतीत मिळवा आणि घसाऱ्यातून, म्हणजे झिजेपोटी दर वर्षी वजा होणाऱ्या रकमेतून, हळूहळू सोसा. इतर दीर्घ मुदतीचं कर्ज असेल तर तो वेगळ्या खात्यात ठेवून काही वर्षांत वाटा. शिवाय ७ डिसेंबर २००६ नंतर सुरू झालेल्या वर्षांपासून मागे जाऊन हे करण्याची मुभा. सवलत दोन वर्षांची म्हणून आली, मग एका वर्षाने वाढली, आणि पुढे डिसेंबर २०११ मध्ये थेट मार्च २०२० पर्यंत.

त्या आठवड्यात ऑडिट करणाऱ्यांचे हिशेब रातोरात बदलले. ज्या कंपनीचा तोटा आम्ही फेब्रुवारीत गृहीत धरला होता तिने मे महिन्यात नफा जाहीर केला, आणि आमच्या अहवालात त्याविरुद्ध लिहिण्यासारखं काहीच नव्हतं, कारण सगळं कायद्याला धरून होतं. सवलतीच्या बाजूने दिला जाणारा युक्तिवाद मला कळतो. कर्ज आज फेडायचं नाही, रुपया परत वर येईल, एका वर्षाचा कागदी तोटा दाखवून बँकांच्या अटी कशाला मोडायच्या? यंत्राच्या किमतीत विनिमयाचा फरक मिळवण्याची पद्धत १९५६ च्या कंपनी कायद्यातही होती, हेही खरं. तरी माझं मत आहे की नियम जोखीम उघडी पाडण्यासाठी असतो, आणि हा नेमका जोखीम दिसायला हवी त्या दिवशी बदलला. ज्यांनी विनिमयाचा विमा उतरवून आधीच पैसे मोजले होते त्या कंपन्या आणि ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्या, दोघी वाचकाला सारख्याच दिसल्या. इंड एएस आल्यावरही हा विषय पुरता संपला नाही. नव्या कर्जांना सवलत गेली, पण नवी मानकं लागू होण्याआधी घेतलेल्या कर्जांना जुनी पद्धत चालू ठेवता आली.

इंड एएस मोठ्या कंपन्यांना १ एप्रिल २०१६ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. ती आंतरराष्ट्रीय मानकांची सख्खी बहीण आहे, जुळी नाही. काही ठिकाणी आपण मुद्दाम वेगळी वाट धरली. कंपनी तिच्या निव्वळ मालमत्तेपेक्षा स्वस्तात विकत घेतली, तर आंतरराष्ट्रीय नियमाने तो लाभ थेट नफ्यात येतो. २०२३ मध्ये यूबीएसने बुडणारी क्रेडिट स्वीस घेतली, तेव्हा एका तिमाहीत सुमारे २९ अब्ज डॉलरचा नफा जाहीर झाला तो जवळजवळ सगळा याच नोंदीचा होता. भारतीय नियमात तो लाभ नफ्याच्या ओळीला शिवतही नाही, भांडवली राखीव निधीत जातो. इथे मला आपलाच नियम जास्त पटतो.

एकच मानक असूनही देश बदलला की नफा कसा बदलतो, याला घरबांधणीसारखं उदाहरण नाही, आणि मुंबई-पुण्यात फ्लॅट बुक केलेल्या प्रत्येकाला ते समजेल. २०१८ पर्यंत बहुतेक बिल्डर काम जसं पुढे सरकेल तसा नफा धरत. बांधकामखर्चाचा चौथा हिस्सा झाला, चौथा हिस्सा क्षेत्र विकलं गेलं, आणि करारांच्या रकमेतले निदान दहा टक्के हाती आले, की मीटर सुरू. १ एप्रिल २०१८ पासून इंड एएस ११५ आलं. त्याची कसोटी अशी की काम चालू असताना, तोवर झालेल्या कामाचे पैसे मागण्याचा कायदेशीर हक्क विक्रेत्याला आहे का? आपल्याकडच्या करारांत आणि कायद्यात बहुतेक ठिकाणी याचं उत्तर 'नाही' असं निघालं, म्हणून आता विक्री धरली जाते ती इमारत पूर्ण होऊन ताब्याची वेळ आल्यावर. सिंगापूरमध्ये मूळ मानक तेच, पण तिथल्या नेहमीच्या निवासी प्रकल्पांत उत्तर 'हो' येतं आणि नफा मजल्यामजल्याने चढतो. म्हणून आपल्याकडे एखाद्या बिल्डरचा नफा एका तिमाहीत शून्याजवळ आणि पुढच्या तिमाहीत उसळलेला दिसला तर दचकू नका. एवढाच अर्थ की टॉवरला ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मिळालं.

या बदलात एक गोष्ट घडली जी फार थोड्या गुंतवणूकदारांच्या लक्षात आली. जुन्या नियमाने आधीच दाखवून झालेला, पण ताबा न दिलेल्या फ्लॅटांचा नफा १ एप्रिल २०१८ च्या सुरुवातीच्या राखीव निधीतून वजा झाला. पुढे ताबा दिल्यावर तोच नफा पुन्हा नफा-तोटा पत्रकात आला. म्हणजे २०१६-१७ च्या अहवालात एकदा आणि २०१९-२० च्या अहवालात पुन्हा, एकाच फ्लॅटचा नफा दोन वेळा छापला गेला. मधली वजाबाकी राखीव निधीच्या तक्त्यात दिसते, पहिल्या पानावरच्या रंगीत आलेखात दिसत नाही.

इमारती बांधून भाड्याने देणाऱ्यांचंही पाहू. हिंजवडीतलं इंटरनॅशनल टेक पार्क कॅपिटालँड इंडिया ट्रस्टच्या ताब्यात आहे. हा ट्रस्ट २००७ पासून सिंगापूरच्या बाजारात नोंदलेला आहे. तो दर वर्षी इमारतींचं मूल्यांकन करून घेतो, भाव वाढला तर वाढ नफ्यात घेतो, घसारा लावत नाही. येरवडा-खराडीतल्या कॉमरझोनच्या इमारती माइंडस्पेस रीटकडे (रीट म्हणजे भाड्याच्या इमारती बाळगणारा, बाजारात नोंदलेला ट्रस्ट) आहेत, आणि तो मुंबईच्या बाजारात नोंदलेला आहे. इंड एएसने अशा इमारतींना बाजारमूल्याची वाट बंद ठेवली आहे: मूळ किंमत धरा, दर वर्षी घसारा काढा, बाजारभाव टिपांमध्ये लिहा. शहर तेच, भाडेकरूही त्याच जातीच्या आयटी कंपन्या. पण भाव वाढत असताना एकाचा नफा फुगतो आणि दुसऱ्याचा घसाऱ्याने आक्रसतो. सुदैवाने भारतीय रीटना बाजारमूल्याचं पत्रकही द्यावं लागतं, त्यामुळे तुलना करायची इच्छा असेल तर सामग्री हाताशी आहे.

शेअर बाळगणाऱ्या कंपन्यांत तर हा फरक टोकाला जातो. अमेरिकेत २०१८ पासून हातातल्या शेअरच्या भावातली चढउतार, विक्री न करताही, थेट नफ्यात घ्यावी लागते. बर्कशायर हॅथवेने त्यामुळे २०२२ मध्ये सुमारे २२.८ अब्ज डॉलर तोटा आणि २०२३ मध्ये सुमारे ९६.२ अब्ज डॉलर नफा दाखवला. त्यांचा मूळ धंदा त्या दोन वर्षांत असा काही उलटापालटा झाला नव्हता. वॉरन बफे स्वतः हा आकडा दिशाभूल करणारा आहे असं भागधारकांना सांगत आले. आपल्याकडे टाटा इन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशनसारखी कंपनी इंड एएसमधला दुसरा पर्याय वापरते: शेअरच्या भावातला फरक 'अदर कॉम्प्रिहेन्सिव्ह इन्कम' या वेगळ्या ओळीत जातो. आणि लक्षात घ्या, शेअर प्रत्यक्ष विकून पैसे खात्यात जमा झाले तरी तो लाभ नफ्याच्या ओळीत कधीच येत नाही. आपल्या जुन्या नियमात दीर्घ मुदतीचे शेअर खरेदीच्या किमतीला पडून राहत आणि विक्रीचा लाभ नफ्यात येई. एकाच शेअरला अशा तीन तऱ्हा. म्हणून गुंतवणूक कंपन्यांचं पी-ई गुणोत्तर काढून मला पाठवणाऱ्यांना मी ते बाजूला ठेवायला सांगते.

गुडविलचा, म्हणजे कंपनी घेताना तिच्या निव्वळ मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेल्या रकमेचा, प्रश्न थोडक्यात घेते. हिंदुस्तान युनिलिव्हरमध्ये एप्रिल २०२० मध्ये हॉर्लिक्सवाली कंपनी विलीन झाली आणि ताळेबंदात १७ हजार कोटींहून जास्त गुडविल आलं. इंड एएसमध्ये ते दर वर्षी झिजवत नाहीत, फक्त मूल्य घटलं का हे तपासतात. जपानी नियमाने वीस वर्षांच्या आत झिजवावं लागलं असतं, म्हणजे वर्षाला निदान साडेआठशे कोटी. आपल्या जुन्या लेखामानक १४ च्या पाच वर्षांच्या पद्धतीने वर्षाला ३,४०० कोटींच्या पुढे, आणि त्या पहिल्या वर्षाचा कंपनीचा स्वतंत्र नफा होता ७,९५४ कोटी. गंमत म्हणजे त्याच जुन्या मानकात दुसरीही वाट होती. मोबदला शेअरमध्येच दिला आणि बाकीच्या अटी पाळल्या तर दोन्ही पुस्तकं नुसती जोडायची, गुडविल शून्य. हॉर्लिक्सचा खप या सगळ्याने चमचाभरही बदलत नाही.

"मग हे कागदी खेळ, सोडून द्यावेत" असं मात्र मी म्हणणार नाही. नफ्याच्या आकड्यावर लाभांश ठरतो, बोनस ठरतो, कर्जाच्या अटी पाळल्या की मोडल्या हे ठरतं. चाकणच्या त्या व्यवस्थापकाने त्या वर्षी घराचा हप्ता कसा भरायचा याची चिंता केली होती, ती कागदी नव्हती.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, विसंबायचं कशावर. नियम बदलाच्या वर्षाचा अहवाल मिळवा. त्यात जुन्या नियमाचा नफा आणि नव्याचा नफा यांचा ताळमेळ ओळीओळीने द्यावा लागतो. मी कुठलीही नवी कंपनी हाती घेतली की आधी तेच पान उघडते, कारण कंपनी कुठल्या नियमावर टेकून उभी आहे हे तिथे कळतं. मग भागधारकांच्या निधीतले बदल दाखवणारा तक्ता. नफ्याच्या ओळीला वळसा घालून गेलेलं सगळं तिथे सापडतं. आणि निदान पाच-सात वर्षांचे आकडे एकत्र धरा. "रोख प्रवाह पाहा, तो खोटं बोलत नाही" असा सल्ला सर्रास मिळतो, तो अर्धाच खरा आहे. इंड एएसमध्ये भरलेल्या व्याजाचे पैसे वित्तपुरवठ्याच्या गटात जातात, अमेरिकेत धंद्याच्या गटात. २०१९ पासून आपल्याकडे दुकानांच्या आणि विमानांच्या भाड्याचा मोठा भागही कर्जफेडीसारखा वित्तपुरवठ्याच्या गटात गेला, त्यामुळे भाड्याच्या जागेत चालणाऱ्या कंपन्यांचा धंद्याचा रोख प्रवाह एका वर्षात सुधारलेला दिसला. वर्षाच्या सुरुवातीची आणि शेवटची रोख शिल्लक तेवढी बहुतेक ठिकाणी जवळपास सारखी येते.

शेवटी तुमच्या जिव्हाळ्याचा विषय. तुमच्याकडे बँकांचे शेअर असतील तर ते हिशेब आजही जुन्या भारतीय नियमांनी होतात. रिझर्व्ह बँकेने मार्च २०१९ मध्ये बँकांसाठी इंड एएस पुढील सूचनेपर्यंत थांबवलं. म्हणून बजाज फायनान्ससारखी बिगर-बँक कंपनी कर्ज दिल्या दिवसापासून संभाव्य बुडीताचा अंदाज बांधून तरतूद करते, आणि बँक मुख्यतः तुम्हाला पाठ असलेल्या, हप्ता नव्वद दिवस थकला की कर्ज अनुत्पादक धरण्याच्या नियमाने. अमेरिकेत शेअर नोंदलेल्या एचडीएफसी बँक आणि आयसीआयसीआय बँक यांना तिथल्या नियमांचे आकडेही द्यावे लागतात. ते अहवाल इंटरनेटवर खुले आहेत, आणि दोन नफ्यांमधला फरक पाहायला त्याहून चांगली जागा तुम्हाला मिळणार नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने अपेक्षित तोट्यावर आधारित तरतुदीची पद्धत १ एप्रिल २०२७ पासून बँकांनाही लावण्याचा आणि बदलाचा भार मार्च २०३१ पर्यंत टप्प्याटप्प्याने सोसू देण्याचा प्रस्ताव मांडला. बिगर-बँक कंपन्यांनी २०१८ पासून हा बदल केला तेव्हा कमी पडलेली तरतूद सुरुवातीच्या राखीव निधीतून गेली, कुठल्याच वर्षाच्या नफ्यातून गेली नाही. बँकांची पाळी येईल तेव्हा त्या वर्षीच्या अहवालात नफ्याच्या ओळीच्या आधी राखीव निधीची टीप उघडा.